तारीख मागं जाते, पीसी चालू होईना, फॉरमॅट मारू का?

प्रश्न : सर, आमचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. ऑफिसचा पीसी जुना, विंडोज 10 चा. पावसाळ्यापासून सकाळी बटन दाबलं की फॅन फिरतो, काळ्या स्क्रीनवर कायतरी येतं आणि एफ वन दाबा म्हणतं, दाबलं की कधी नीट चालू होतो तर कधी निळा स्क्रीन येऊन ऑटोमॅटिक रिपेअर फिरत बसतं. चालू झाला तरी तारीख कितीतरी वर्षं मागची, जीएसटीची साइट उघडत नाही. रिपेअरवाला म्हणतो विंडोज उडालंय, फॉरमॅट मारूया. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उचल सगळं त्यातच आहे आणि हंगाम तोंडावर आलाय. रात्री आम्ही मेन स्विच पाडूनच जातो, त्यामुळं व्हायरसचा प्रश्न नाही. काय करू?
– एक अडत दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका हो! मारला तरी उद्या सकाळी तारीख मागंच गेलेली असणार, कारण पीसी बंद असताना घड्याळ मदरबोर्डवरचा बटन सेल चालवतो, विंडोज नाही. तो सेल संपलाय. आणि व्हायरसचं राहू दे, पण मेन स्विचचं सांगितलंत ते बरं केलंत. वायर लावलेली असली की बंद पीसीलासुद्धा एसएमपीएसमधनं, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातनं, थोडा करंट मिळत राहतो आणि सेल वाचतो, तुमच्याकडं रात्रभर सगळा भार सेलवरच. पण तेवढ्यासाठी मेन पाडायचं सोडू नका, पावसाळ्यात वीजबीज पडायची भीती असते, सेल तेवढा बदला. मिसळीच्या एका प्लेटीएवढाही खर्च नाही. सीआर 2032 मागा, 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 जाड असतो. 2025 दिला तर परत करा, तो पातळ असतो, सैल बसतो. वायर काढायची, पॉवर बटन थोडा वेळ दाबून धरायचं, मग सेल बदलायचा, प्लसची बाजू वर. नंतर पीसी चालू होतानाच डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, तारीख घाला, एफ टेननं सेव्ह करा. साइटपण उघडेल, तारीख चुकली की ब्राउजरला साइटचं सर्टिफिकेटच पटत नाही.

आता निळा स्क्रीन. सेल संपला की बायोस सेटिंगही विसरतं, डिस्कचा मोड बदलतो आणि विंडोज अडतं, हे होतं. पण तसं असतं तर रोजच अडलं असतं. तुमचं कधी अडतं कधी नाही, म्हणजे मला संशय रॅमचा (मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी), नाहीतर हार्ड डिस्कचा. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवर थर बसतो. वायर काढूनच रॅम बाहेर काढा, सोनेरी कडा साध्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, परत बसवताना कट आवाज येईपर्यंत दाबा. डिस्कची सॅटा केबलही काढून घट्ट लावा.

डिस्कमधनं टकटक आवाज येत असेल तर मात्र परत परत चालू करून बघू नका, तेवढ्यानं आहे तो डेटा पण जातो. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावून आधी शेतकऱ्यांच्या पट्ट्या कॉपी करून घ्या, मग रिपेअरवाल्याला काय करायचं ते करू दे. आणि एक, पीसी उशीर लावतोय म्हणून वैतागून बटन दाबून बंद करत असाल तर ते थांबवा, लागोपाठ दोनदा अर्धवट बूट झालं की विंडोज आपणहून रिपेअरमध्ये जातं. तिथं ट्रबलशूटमधनं स्टार्टअप रिपेअर करून बघायला हरकत नाही, पण 'रिसेट धिस पीसी' नको. फाइल्स ठेवतो म्हणतं, प्रोग्रॅम सगळे उडवतं, मग हिशोबाचं सॉफ्टवेअर परत घालत बसा.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पण त्यानं पीसी चालू व्हायचा थांबत नाही, कुणी तसं सांगून नवा पीसी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

प्रश्न : बायोस अपडेट केल्यापासून लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर 48 आकडी की मागतोय. मी कधी पासवर्ड लावलाच नव्हता!
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : ते बिटलॉकर, डिस्कवरच्या डेटाला विंडोजनं लावलेलं कुलूप, नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा आपोआप चालू असतं. मोबाइलवर तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटात लॉगिन कर, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की दिसेल. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अकाउंटनं लॅपटॉप सेट केला असेल तर तिथं बघ, कॉलेजच्या अकाउंटनं केला असेल तर कॉलेजात विचार. कुठंच सापडली नाही तर डेटा गेला, कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तरी देऊ नको.