मलवर बस टिपायला जाताना

बसचे नंबर वहीत टिपायला पहिल्यांदाच स्कॉटलंडच्या मल बेटावर चालला आहेस ना, मग बेटभर हिंडत बसू नकोस. मुख्य भूमीवरच्या ओबनहून फेरीबोटीनं पाऊण-एक तासात मलवरच्या क्रेगन्यूरला उतर आणि धक्क्याजवळच थांब. इथल्या बस बोटीच्या वेळा सांभाळतात. बेटावरच्याच टोबरमोरीची आणि फिनफर्टची गाडी, शिवाय सहलीचे कोच, म्हणजे आरामबस, सगळे एकदम भेटतात. त्या दहा मिनिटांत वहीचं पान भरतं, मग शुकशुकाट.

नंबरप्लेट नीट वाच. तिच्यावरचा आकडा १९ म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१९ची नोंदणी, ६९ म्हणजे पुढच्या सहा महिन्यांतली. सुरुवातीचा ‘एस’ स्कॉटलंडचा. कोचच्या बाबतीत मात्र फसशील. मालक हौसेनं जुन्या धाटणीचे नंबर विकत घेऊन लावतात, गाडीचं वय झाकलं जातं. अशा वेळी मागचे दिवे आणि काचांची ठेवण बघ.

शेजारच्या आयोना बेटाला जाणारे कोच फिनफर्टलाच थांबतात, पलीकडे पाहुण्यांच्या गाड्या नेता येत नाहीत. तिथवरचा रस्ता बहुतेक एकपदरी. समोरच्याला वाट द्यायला केलेल्या जागेत फोटोसाठी उभा राहू नकोस. मी राहिलो होतो, ड्रायव्हरची नजर अजून आठवते. आणि पेन नको, पेन्सिल घे. पावसात माझं अख्खं पान निळं झालं होतं.