शेरूला सोबत कुठं न्यावं?

प्रश्न : आमचा शेरू जर्मन शेफर्ड आणि गावठी यांचा मिश्र, वजन 36 किलो. आम्ही निघालो की तोही निघतो. त्याला बोर अभयारण्यात नेलं तर चालेल का?
– एक वाचक, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : तिथं नेऊ नका. बोर हा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं कुत्र्याला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्याचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघ-बिबट्यालाही होतो. शिवाय बिबट्यासाठी शेरूएवढा कुत्राही शिकारच.

वावरात मात्र जरूर न्या. माझी काळी अशीच थोराड होती, अकरा वर्षं माझ्यासोबत धुऱ्यानं चालली. मे महिन्यात पारा 45 गाठतो, तेव्हा आम्ही पहाटे पाचला निघून आठच्या आत घरी. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून पाण्याची कॅन सोबत हवीच.

मला खरी धास्ती पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची. फवारलेल्या वावरातून गेलं की औषध पायाला लागतं आणि कुत्रा पंजे चाटतो. काळी एकदा अशीच लाळ गाळत, थरथरत पडली. डॉक्टर वेळेत आले म्हणून वाचली. त्यानंतर फवारणीच्या दिवसांत मी तिची साखळी सोडली नाही, घरी आल्याबरोबर पाय साबणानं धुतले. रानडुकरांसाठी कुणी तारेत करंट सोडतात, तेव्हा अंधारातही साखळी हातातच ठेवा.

रेबीजची लस दरवर्षी टोचा. कानामागं गोचीड रोज बघा. आणि हिवाळ्यात दुपारी त्याला नाल्यावर न्या. काळी पाण्यात बसून राहायची, उठायचं नावच नाही.