दिवाळीचा माल इन्स्टाग्राम बघून भरावा का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. ठाण्याच्या नौपाड्यात मिठाई आणि गिफ्ट बॉक्सचं छोटं दुकान, भाच्याने इन्स्टाग्राम आणि गूगल ट्रेंड्सवरून (लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारी सेवा) तक्ता करून दिलाय, त्यात पिस्ता आणि कुनाफाचं (कुरकुरीत शेवयांचं) दुबई चॉकलेट सगळ्यात वर आहे, तर दिवाळीचं निम्मं भांडवल त्यात घालू का? मी वाशीत राहतो आणि बारा वर्षं दुकानांच्या खरेदीचं नियोजन करतोय. निम्मं भांडवल मुळीच घालू नका. पण भाच्याचा तक्ताही टाकून देऊ नका, पोराने मेहनत घेतलीय.

आधी बिलांची वही काढा. गेल्या तीन दिवाळ्यांत काय किती गेलं, हा तुमचा पहिला अंदाज. तो तारखेवर मांडू नका, लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरले होते त्यावर मांडा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं, २०२४ ला ते १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला. नुसती ऑक्टोबरची बेरीज केलीत तर २०२३ ला धंदा बसलेला आणि २०२५ ला उसळलेला दिसेल, आणि दोन्ही खोटं असेल.

सोशल मीडियाचा आकडा या वहीच्या जोडीला घ्यायचा, तिच्या जागी नाही. गूगलच्याच ह्युनयंग चोई आणि हाल व्हॅरियन यांनी २००९ मध्ये हे दाखवलं होतं: जुन्या विक्रीच्या आकड्यांत सर्चचे आकडे मिसळले की अंदाज सुधारतो. तेही भविष्याचा नव्हे, चालू महिन्याचा. वही सोडून फक्त सर्चवर विसंबलं की काय होतं ते सर्चवरून फ्लूची साथ मोजणाऱ्या गूगलच्याच फ्लू ट्रेंड्समध्ये दिसलं. २०१२-१३ च्या हंगामात त्याने अमेरिकेतल्या फ्लूचा अंदाज सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट दिला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. बातम्या वाचून धडधाकट माणसंही फ्लू शोधत होती, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. दुबई चॉकलेट शोधणारे सगळे ते विकत घेणार आहेत असं धरणं म्हणजे तीच चूक.

गूगल ट्रेंड्सवरचा १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा सर्चमधला वाटा जेव्हा सर्वांत जास्त होता, त्याला १०० म्हणतात, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. भाच्याने देश म्हणून भारत ठेवलाय, तिथे महाराष्ट्र निवडायला सांगा. नौपाडा आणि घोडबंदर वेगळं करून ते दाखवणार नाही, ते तुम्हालाच गल्ल्यावर बसून कळणार.

तुम्ही लिंक दिलेल्या तुमच्या रीलखालच्या कॉमेंट काल रात्री एकेक करून वाचल्या. १२० आहेत. निम्म्याहून जास्त नुसती हृदयं, मग मैत्रिणींना टॅग करणाऱ्या. ‘रेट?’ विचारणाऱ्या अकरा, त्यातल्या ठाणे-कळवा-मुलुंडच्या वाटतात अशा चार. एकीने लिहिलंय, ‘ऑफिससाठी ५० बॉक्स हवेत, घोडबंदरला पोचवाल का?’ त्या बाईंना अजून उत्तर गेलेलं नाही, आधी ते द्या! भाच्याच्या तक्त्यात कॉमेंट भावनेनुसार वाटल्यात, त्यात ही ‘तटस्थ’ मध्ये पडलीय. आणि ‘ताई, जीव घेणार तुम्ही आमचा’ ही ‘नाराज’ मध्ये. आपल्या मराठीत कौतुक असंच करतात, त्यात निम्मं रोमन लिपीत आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. म्हणून एवढ्या कॉमेंट हातानेच वाचाव्यात असं माझं ठाम मत आहे. रकाने तीनच करा: किंमत विचारली, कुठे मिळेल विचारलं, किती हवंय सांगितलं. लाइक मोजायचेच नाहीत. पैसे घेऊन केलेल्या पोस्टही वगळा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यांवर तसं लिहिणं अपेक्षित आहे, पण सगळे लिहीत नाहीत, तेव्हा मजकूर बघून ओळखा.

आता मुद्दा माल हातात यायला लागणाऱ्या दिवसांचा. मी स्वतः पोळलोय तो इथेच. २०१७ च्या मे महिन्यात फिजेट स्पिनरचा आलेख जगभर आकाशाला भिडला होता. ठाण्यातल्या एका खेळण्यांच्या दुकानासाठी मी तो बघून मोठी ऑर्डर लावली. माल आला तेव्हा शाळा सुरू होऊन दिवस झाले होते आणि पोरांच्या हातातून स्पिनर गेले होते. आलेख बरोबर होता. मी तो उशिरा वाचला आणि माल त्याहून उशिरा आला. दुकानदाराचे पैसे अडकले, त्याची बोच अजून आहे.

तुमच्या बाबतीत पिस्त्याचा धोका मोठा नाही. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये सुकामेवा मिळतो, ठाण्याहून सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. मागणी दिसली की आणा, उरला तर बर्फीत जाईल. खरा धोका छापील बॉक्सचा. ते आधी छापावे लागतात, जास्त नगांवर दर उतरतो म्हणून माणूस जास्त छापून बसतो, आणि एकदा त्यावर ‘दुबई चॉकलेट’ छापलं की त्यात काजूकतली भरता येत नाही. म्हणून बॉक्स साधा छापा, तुमचं नाव आणि शुभ दीपावली एवढंच. चॉकलेटचं नाव वरून चिकटवायच्या लेबलवर घ्या. आत काय भरायचं ते मग शेवटच्या दहा दिवसांत ठरवता येईल, आणि एवढ्या जवळचं सांगायला कॉमेंट आणि वही मिळून पुरेसं बळ आहे.

पहिल्या खेपेला मी भांडवलाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त चॉकलेटात घातलं नसतं. आठवड्याने गल्ला बघून पुढचं ठरवलं असतं.

तिन्ही वर्षांच्या बिलांची बेरीज दिवसवार करून इथे टाका, गिऱ्हाइकांची नावं-नंबर काढून. रविवारी बसून लक्ष्मीपूजनाच्या हिशेबाने लावून देतो. आणि भाच्यालाही इथे यायला सांगा, त्याच्याशी कॉमेंटच्या रकान्यांवर बोलायचंय.