घड जिरले म्हणजे वेल टाकला का?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर बरेच घड निघालेच नाहीत, निघाले त्यातले अर्धे जिरले, म्हणजे न वाढता जागीच गेले. प्रार्थनेला गेले तर मंडळीतल्या एकांनी बायबलातला यशया संदेष्ट्याचा पाचवा अध्याय वाचून दाखवला. देव फळ न देणाऱ्या मळ्याचं कुंपण मोडतो, म्हणाले. मग योहानात येशू स्वतःलाच द्राक्षवेल म्हणतो ते कसं? एकच वेल शापाचा आणि आशीर्वादाचाही?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, ज्यांनी तो अध्याय वाचला ते सातव्या वचनाच्या आधीच थांबले असावेत. मालकाने जमीन खणली, दगड वेचले, उत्तम वेल लावला, बुरूज बांधला, द्राक्षकुंड खोदलं, आणि आलं काय, तर रानटी फळ. ते फळ कोणतं, हे सातवं वचन सांगतं. देवाने ‘मिश्पात’ म्हणजे न्यायाची वाट पाहिली, मिळाला ‘मिस्पाख’, रक्तपात. ‘त्सदाका’ म्हणजे नीतिमत्त्वाची वाट पाहिली, ऐकू आली ‘त्सआका’, आक्रोशाची हाक. हिब्रूत हे शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. आठव्या वचनात तर घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्यांनाच धिक्कार आहे. दुसऱ्याची जमीन गिळणाऱ्यांवरचं हे वचन दीड एकरावर राबणाऱ्या बाईला ऐकवायचं, याचा मला फार राग आला.

यिर्मयाही (२:२१) म्हणतो, उत्तम जातीचा वेल लावला, तो परका कसा झाला? दिंडोरीला माझ्या भावाच्या बागेत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या वेलावर, भरलेलं थॉमसन द्राक्षाचं कलम मेलं, खालून खुंटाचेच फुटवे आले. पानं हिरवीगार, वाढ जोमदार, पण खायचा घड एक नाही. यहेज्केल (अध्याय १५) तर विचारतो, वेलाच्या लाकडाची खुंटी तरी होते का? नाही होत. जुनी बाग काढली की खोडं चुलीतच जातात.

या सगळ्यांत वेल म्हणजे लोक. फळ त्यांनी द्यायचं आणि जाबही त्यांनीच द्यायचा. योहानाच्या पंधराव्या अध्यायात वेलाची जागाच बदलते. येशू म्हणतो, खरा वेल मी, पिता माळी, तुम्ही फाटे. खोड तो झाला, मुळं त्याची झाली. आपल्याकडे उरलं ते त्याला धरून राहणं. फळ न देणारा फाटा माळी काढतो, हे वचन तिथेही आहे, मी ते लपवणार नाही. पण फळ देणाऱ्या फाट्यालाही कात्री लागते. ग्रीकमध्ये काढणं ‘आइरेइ’, साफ करणं ‘काथाइरेइ’. फाट्याला दोन्ही वेळा लोखंडच लागतं. एप्रिलच्या खरड छाटणीच्या दुसऱ्या दिवशी नवख्याने बाग पाहिली तर तो म्हणेल, हे तर सगळं संपलं.

प्रकटीकरणात (अध्याय १४) पृथ्वीचा द्राक्षवेल कापून क्रोधाच्या कुंडात टाकतात. तो जुलमी जगाचा न्याय आहे, तुमच्या बागेचा नाही.

आणि घड का जिरले? एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे जिथून फूट निघते त्या कोंबात, घड तयार होत असतो. तेव्हा ढगाळ राहिलं, ऊन कमी पडलं, तर डोळे वांझ राहतात. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर निघालेले घडही जिरतात. यात पाप कुठे आलं? पुढच्या ऑक्टोबरआधी मात्र काडी तपासून घ्या आणि डोळे बघूनच कात्री लावा.

स्तोत्र ८० वाचलंय का? तिथेही कुंपण मोडलंय, वाटसरू फळं तोडतात, रानडुकरं धुडगूस घालतात. पण तिथे बोलतात ते ज्यांचा मळा उजाड झाला ते लोक. देवालाच विचारतात, कुंपण का मोडलंस? स्वर्गातून खाली बघ, या वेलाची खबर घे. येत्या रविवारी मंडळीतल्या त्याच भाऊंना हे स्तोत्र वाचायला सांगा, मोठ्याने.