पुढचा ब्रेक कोणत्या हाताला असावा?

प्रश्न : माझ्या भावाने अमेरिकेहून आणलेली सायकल आता माझी तेरा वर्षांची मुलगी चालवते. तिच्या जुन्या सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला होता, या सायकलचा मात्र डाव्या हाताला आहे. परवा उतारावर तिने सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला आणि ती हँडलवरून पुढे फेकली जाता जाता वाचली. ब्रेक बदलून घ्यावेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अवश्य बदलून घ्यावेत, आणि तोवर ती सायकल तिला रस्त्यावर नेऊ देऊ नये. आपल्याकडे ब्रिटनप्रमाणेच पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर अमेरिकेतील सुरक्षा-नियमानुसार, ग्राहकाने वेगळी मागणी केली नसेल तर, उजव्या हाताला मागचा ब्रेक द्यावा लागतो. याचे कारण असे सांगितले जाते, की डावीकडून वाहने चालणाऱ्या देशात उजवीकडे वळण्यासाठी उजवा हात दाखवावा लागतो, आणि त्या वेळी हँडलवर उरलेल्या एकट्या डाव्या हाताखाली मागचा, म्हणजे अचानक दाबला तरी उलटवून न टाकणारा ब्रेक असलेला बरा. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून, म्हणून तिथे सारेच उलट. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक मात्र अमेरिकेतही उजव्याच हाताला असतो, कारण डावा हात क्लचवर असतो. तेव्हा अमुकच हात योग्य असे नसून, संकटाच्या क्षणी विचार न करता जो हात दाबला जातो, त्याची सवय मोलाची. तुमची मुलगी पुढे स्कूटर चालवील तेव्हाही पुढचा ब्रेक तिच्या उजव्या हाताखालीच असेल.

मात्र या प्रसंगानंतर तिला ‘पुढचा ब्रेक लावूच नकोस’ असे कृपया सांगू नका. ब्रेक लावताच शरीराचा आणि सायकलचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होऊन घसरू लागते. म्हणून कोरड्या रस्त्यावर सायकल खरी थांबवतो तो पुढचाच ब्रेक. तो झटक्याने न दाबता हळूहळू वाढवत, मागच्या ब्रेकच्या जोडीने, कोपर ताठ आणि अंग किंचित मागे रेलून लावायचा असतो. वाळूवर, ओल्या पानांवर किंवा वळणात तो जपूनच वापरावा, कारण पुढचे चाक घसरले की तोल सावरायला वेळच मिळत नाही.

तारेचे ब्रेक असतील तर अदलाबदल सोपी आहे. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर नळ्यांत हवा राहू नये म्हणून ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. काम झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. तार ताणली जाऊन ब्रेक आपोआप आवळला जात असेल, तर तारेवरचे आवरण लांब घालून घ्यावे. मग सायकलशेजारी उभे राहून उजवा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी : पुढचे चाक जागीच अडून मागचे वर उचलले गेले, तर ब्रेक बरोबर बसले आहेत.