इंग्लंडला ते पत्र परत घेता आलं असतं का?

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. आमच्या आंबा उत्पादकांच्या सोसायटीत एका संचालकाने भर मीटिंगमध्ये राजीनामा दिला. ३१ मार्चपासून पद सोडतो, असं लिहून दिलं. आठवड्याभरात राग निवळला, तसा पत्र मागे घ्यायला आला. अध्यक्ष म्हणाले, "राजीनामो दिलो तो दिलो, आता मागे कसो घेतंस?" माझे मेहुणे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी मध्येच सांगितलं, की इंग्लंडने युरोपियन युनियन सोडायची नोटीस दिली होती, तीसुद्धा मागे घेता येते असा कोर्टाचा निकाल आहे. मी विचारलं, मग घेतली का नाही? त्यावर सगळे गप्प. खरं काय आहे? आणि आता त्यांना परत यायचं झालं तर? आणखी एक : आमच्या पेट्या तिकडे जातात, तर ते वेगळे झाल्यामुळे आंब्याच्या नियमांत काही फरक पडला का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : हेडमास्तर बरोबर सांगतायत. निकाल १० डिसेंबर २०१८ चा, लक्झेंबर्गला असलेल्या युरोपियन न्यायालयाचा. पण तो मागायला कोण गेलं होतं आणि खुद्द ब्रिटिश सरकारने त्यात किती खोडा घातला, हे तुमच्या मीटिंगमध्ये निघालं नसणार, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला सार्वमत झालं आणि ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. युनियनच्या करारातलं ५० वं कलम सांगतं, की ज्या देशाला जायचं असेल त्याने युरोपियन कौन्सिलला, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांच्या परिषदेला, तसं कळवावं. मग दोन वर्षांत आपसात करार करावा. करार झाला नाही आणि मुदतही कोणी वाढवून दिली नाही, तरी दोन वर्षं भरली की तो देश बाहेर. पंतप्रधान थेरेसा मे यांचं पत्र २९ मार्च २०१७ ला पोचतं झालं. आता दिलेलं पत्र मागे घेता येतं की नाही, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. आमच्याकडे खरेदीखताची भांडणंसुद्धा लिहिलेल्या ओळींवर कमी आणि राहून गेलेल्या ओळीवरच जास्त होतात.

पत्र जायच्या आधीच एक मोठा खटला झाला होता. जीना मिलर या ब्रिटिश गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या बाई. त्यांचं म्हणणं, पार्लमेंटला विचारल्याशिवाय सरकारला असं पत्र पाठवताच येणार नाही. २४ जानेवारी २०१७ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ असा त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो पुष्कळांना आठवतो. मला मात्र त्यातली वेगळीच गोष्ट कुरतडते. पत्र एकदा गेलं की परत फिरत नाही, हे दोन्ही बाजूंनी आपसात मान्य करून टाकलं होतं! मिलरबाईंना ते सोयीचंच होतं. त्यांचे वकील लॉर्ड पॅनिक यांचा रोखच असा, की चाप ओढला की गोळी लागणारच, तेव्हा चाप ओढण्याआधी पार्लमेंटला विचारा. सरकारलाही सोयीचं असावं, असा माझा अंदाज. 'वाटलं तर परत घेऊ' हे वाक्य तेव्हा कुठल्याच मंत्र्याला तोंडातून काढायचं नव्हतं. दोन्ही वकील 'मान्य' म्हणाले की न्यायाधीश त्या मुद्द्यात शिरत नाहीत. इथे रत्नागिरीतही शिरत नाहीत. सुप्रीम कोर्टाने स्वतःचं मत न देता ते धरून चालायचं ठरवलं, आणि पुढे दोन वर्षांच्या आत ते धरून चाललेलंच चुकीचं निघालं.

ते चुकीचं ठरवलं स्कॉटलंडमधून गेलेल्या काही लोकप्रतिनिधींनी. हिरव्या पक्षाचे अँडी वाइटमन, स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या जोआना चेरी, मजूर पक्षाचे युरोपीय संसदेतले काही सदस्य, आणि सोबत जोलियन मॉम नावाचे एक लंडनचे वकील. त्यांनी एडिंबरोच्या कोर्टात एवढंच विचारलं : पत्र ब्रिटनला एकट्याने, कुणाची परवानगी न घेता मागे घेता येतं का? खालच्या न्यायाधीशांनी दोनदा नकार दिला आणि दोन्ही वेळा वरच्या पीठाने तो फिरवला. सरकारचा धोशा एकच : आम्ही पत्र मागे घेणारच नाही, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक आहे, कोर्टाचा वेळ घालवू नका.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, पण मला ते अजिबात पटत नाही. खासदारांना मेबाईंच्या करारावर मत द्यायचं होतं. हा करार घ्या, नाहीतर विनाकरार बाहेर पडा, असे दोनच रस्ते त्यांच्यापुढे होते, की न जाण्याचा तिसराही होता? हे ठाऊक नसताना हात वर करायचा तरी कशाच्या जोरावर? २१ सप्टेंबर २०१८ ला एडिंबरोच्या लॉर्ड कार्लोवे यांच्या वरच्या पीठाने नेमकं हेच मानलं आणि प्रश्न लक्झेंबर्गला धाडला. सरकार सुप्रीम कोर्टात धावलं, तिथे दाद लागली नाही. लक्झेंबर्गला असल्या प्रश्नाला एरवी वर्ष-दीड वर्ष सहज जातं. इथे २७ नोव्हेंबरला सुनावणी, सगळे न्यायाधीश एकत्र बसलेले, आणि १० डिसेंबरला निकाल. पार्लमेंटमधलं मतदान ठरलं होतं ११ ला!

विरोध एकट्या ब्रिटिश सरकारचा नव्हता. युनियनचा कारभार पाहणारं युरोपियन कमिशन आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांचं कौन्सिल म्हणाले, मागे घेता येईल, पण बाकीच्या सगळ्या देशांनी एकमताने हो म्हटलं तरच. नाहीतर एखादा देश दोन वर्षं भरत आली की पत्र मागे घेईल, दुसऱ्या दिवशी नवं देईल, आणि घासाघीस करायला पुन्हा दोन वर्षं मिळवील. भीती अगदीच खोटी नाही. पण न्यायालय म्हणालं, युनियनमध्ये कुणाला जबरदस्तीने आणता येत नाही, तसं मनाविरुद्ध घालवताही येत नाही. कळवलेला असतो तो इरादा, आणि इरादा बदलू शकतो. फक्त मागे घेणं लेखी हवं, निःसंदिग्ध आणि बिनशर्त हवं, त्या देशाच्या घटनेप्रमाणे ठरलेलं हवं, आणि बाहेर पडण्याचा करार लागू होण्यापूर्वी, किंवा करार नसेल तर वाढीव धरून मुदत संपण्यापूर्वी यायला हवं. तसं केलं की देश होता त्याच अटींवर आत राहतो.

तुमच्या अध्यक्षांसाठी मात्र एवढं लांब जायला नको. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी १९७७ साली राजीनामा पाठवला, १ ऑगस्टपासून लागू व्हावा असा, आणि जुलैत तो मागे घेतला. वाद दिल्लीला गेला. १९७८ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा, कायद्याची किंवा कराराची आडकाठी नसेल तर, ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो. म्हणजे लक्झेंबर्गच्या चाळीस वर्षं आधी. सोसायटीचे उपविधी आधी वाचा. राजीनामा मंजूर कोणी करायचा, तो झालाय का आणि मागे घ्यायला मनाई आहे का, हे बघा. मंजुरी नाही, मनाई नाही आणि ३१ मार्च उजाडलेला नाही, तर तुमचा संचालक अजून संचालकच आहे.

मग ब्रिटनने घेतलं का नाही? कारण कोर्टाने रस्ता आहे एवढंच सांगितलं, चालायचं पार्लमेंटने होतं. निकालाच्याच दिवशी मेबाईंनी मतदान पुढे ढकललं; कोर्टामुळे नव्हे, हरणार हे दिसत होतं म्हणून. १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ अशा हरल्याच. मार्चमध्ये पत्र मागे घ्या म्हणणाऱ्या अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या पडल्या. विनाकरार बाहेर पडायची वेळ आलीच तर पत्र मागे घ्यावं, असा जोआना चेरींचा ठराव २७ मार्चला १८४ विरुद्ध २९३ ने पडला, पुन्हा १ एप्रिलला १९१ विरुद्ध २९२ ने. डिसेंबरच्या निवडणुकीत 'बहुमत मिळालं तर पत्र मागे घेऊ' असं सांगणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ११ जागा मिळाल्या आणि त्यांच्या नेत्या स्वतःच्या मतदारसंघात पडल्या. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री अकराला, आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, ब्रिटन बाहेर पडलं.

त्या क्षणी हा निकाल त्यांच्यापुरता संपला. परत यायचं तर त्याच ५० व्या कलमात लिहिलंय, की नव्या सभासदासारखा ४९ व्या कलमाखाली अर्ज करा. सत्तावीसही देशांची संमती लागेल, प्रत्येकाने आपापल्या घटनेप्रमाणे ती द्यायची. युरोऐवजी पौंड ठेवायची मुभा किंवा तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली युनियनच्या वर्गणीतली सूट पुन्हा मिळेलच, असं कुणी लिहून देणार नाही. आत असताना पत्र मागे घेतलं असतं तर हे सगळं जसंच्या तसं राहिलं असतं.

आता तुमच्या पेट्या. १ मे २०१४ पासून युनियनने फळमाशीमुळे आपल्या आंब्यावर बंदी घातली, तेव्हा ब्रिटन आत होतं; त्यामुळे गिऱ्हाईक लंडनचं असूनही हापूस तिथे उतरेना. ती बंदी उठवायचं २०१५ च्या जानेवारीत ठरलं. आता रोगकिडीचे नियम ब्रिटन स्वतः करतं. उत्तर आयर्लंडचा मामला तेवढा वेगळा, तिथे शेतमालाला बरेचसे युनियनचेच नियम चालतात. म्हणजे लंडनच्या पेटीला एक नियम आणि युनियनमधल्या हॅम्बर्गच्या पेटीला दुसरा. तेव्हा माल पॅकहाऊसला पाठवायच्या आधी निर्यातदाराकडून दोन्हींची यादी वेगवेगळी लिहून घ्या.