लिओनाचा प्रकाशवक्र सपाट का येतो?

प्रश्न : १२ डिसेंबर २०२३ रोजी काक्षी (बीटलज्यूस) ताऱ्यासमोरून गेलेला ३१९ लिओना हा लघुग्रह चार रात्री टिपला. दर रात्री प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसे बदलते याचा आलेख) सपाटच येतो. कॅमेऱ्यात दोष असेल का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, लिओनाच भारी संथ आहे. त्याचा आवर्तनकाळ (स्वतःभोवती एक फेरी घ्यायचा वेळ) सुमारे ४३० तास, म्हणजे जवळजवळ १८ दिवस. आठ तासांच्या रात्रीत तो दोन टक्केही फिरत नाही, मग चढउतार दिसणार कुठून? रात्रभर फोटो काढत बसू नका. रोज दहा-बारा फ्रेम घेऊन सरासरी काढा आणि हे निदान दोन महिने चालू द्या. पावसाळ्यात अर्थातच नाद सोडा.

खरी गोम रात्री एकमेकींना जोडण्यात आहे. लघुग्रह सरकतो, तुलनेचे तारे बदलतात. शून्यबिंदू (मोजलेले तेज प्रतीत, म्हणजे ताऱ्यांच्या तेजाच्या मापात, बदलणारा आकडा) ०.०५ प्रतीने जरी हलला, तरी तीच चूक आवर्तन म्हणून मिरवू लागते. म्हणून सूर्याच्या रंगाचे तारे निवडा आणि त्यांच्या प्रती गाया या अवकाश दुर्बिणीच्या तारायादीतूनच घ्या. दोन याद्यांची सरमिसळ नको. मग सूर्य-पृथ्वीपासूनच्या अंतरांची आणि कलाकोनाची (लघुग्रहावरून पाहता सूर्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन) दुरुस्ती करा. अशा काळपट लघुग्रहांचे तेज कलाकोनाच्या दर अंशाला साधारण ०.०४ प्रतीने घटते. ही पायरी गाळली तर वक्र आठवड्यागणिक उतरता दिसेल.

एवढे करूनही फेऱ्या तंतोतंत जुळणार नाहीत. लिओना फिरता फिरता डोलतोही, आणि तो दुसरा काळ सुमारे १,०८४ तासांचा आहे. एकच आकडा बसवण्याचा हट्ट इथे चालत नाही.